गाडीचं इंजिन ऑइल गरम असताना बदलावं की थंड? नागपूरच्या हवेत घरी बदलणाऱ्यांसाठी

गॅरेजमध्ये ऑइल बदलायला गाडी नेली की मेकॅनिक इंजिन बंद करू देत नाही. "राहू द्या भाऊ चालू, गरम तेल सर्रकन निघते." इकडे सोसायटीत एखादे काका भेटतातच, जे गाडी रात्रभर उभी ठेवतात, सकाळी सहाला चेंबरचा, म्हणजे इंजिनच्या तळाशी तेल साठतं त्या भांड्याचा, बोल्ट सोडतात आणि छातीठोकपणे सांगतात की वरचं तेल खाली उतरायला रात्र जावी लागते. दोघांचंही बरोबर आहे. फक्त दोघांची गरज वेगळी आहे. गॅरेजवाल्याच्या मागे चार गाड्या उभ्या असतात, त्याला दहा मिनिटांत चेंबर रिकामं हवं असतं. काकांना कुठे जायचं नसतं.

ऑइल बदलताना गरमी आणि वेळ एकमेकांची जागा घेतात, हे एकदा लक्षात आलं की वादात फार दम उरत नाही. तेल गरम असेल तर लवकर निघतं. थंड असेल तर तेवढंच निघतं, पण थांबावं लागतं. घरी, स्वतःच्या हाताने बदलणार असाल तर माझं मत स्पष्ट आहे: तेल कोमट असावं, हात लावला तर सहन होईल इतपत, आणि निथळायला भरपूर वेळ द्यावा.

गरम तेलाने नेमका काय फरक पडतो

५डब्ल्यू-३० हे आपल्याकडच्या पुष्कळ गाड्यांत चालणारं तेल. ४० अंश सेल्सिअसला त्याचा घट्टपणा साधारण ६० ते ६५ सेंटिस्टोक (घट्टपणा मोजायचं एकक) असतो, १०० अंशाला १० ते ११. म्हणजे इंजिन पूर्ण तापलेलं असताना तेल जवळजवळ सहापट पातळ झालेलं असतं. बोल्ट काढताच ते पाण्यासारखं सुटतं, भिंतींना, खाचांना चिकटून राहत नाही.

आता नागपूरचा हिशेब बघा. तेलाच्या माहितीपत्रकात जो ४० अंशाचा आकडा 'थंड' म्हणून दिलेला असतो, ती आपली मे महिन्यातली सावली आहे. २३ मे २०१३ रोजी शहरात ४७.९ अंशांची नोंद झाली होती. नवतपात दुपारी उभ्या गाडीतलं तेल इंजिन न लावताच कोमट झालेलं असतं. उलट २९ डिसेंबर २०१८ च्या पहाटे पारा ३.५ पर्यंत उतरला होता. अशा दिवसांत इंजिन ऑइल डब्यातल्या खोबरेल तेलासारखं गोठत नाही खरं, पण १० अंशाला ते ४० अंशाच्या मानाने सुमारे चौपट घट्ट असतं आणि बोल्ट काढल्यावर दोरीसारखं जाड, आळसावलेलं खाली येतं. त्यामुळे 'नेहमी गरमच' किंवा 'नेहमी थंडच' असे बर्फाळ देशांतले सल्ले जसेच्या तसे इथे लागू होत नाहीत. उन्हाळ्यात काकांची पद्धत चालते. डिसेंबर-जानेवारीत गाडी थोडी चालवून आणायलाच हवी.

गरमच्या बाजूने आणखी एक मुद्दा सांगतात: इंजिन फिरल्याने घाण तेलात मिसळते आणि तेलाबरोबर निघून जाते, थंड इंजिनात ती तळाशी बसते. यात तथ्य आहे, पण ऐकतो तेवढं नाही. आजच्या तेलात मुळातच असे घटक घातलेले असतात की काजळीचे बारीक कण तरंगत राहावेत, एकमेकांना चिकटू नयेत. ते एका रात्रीत तळाला बसत नाहीत. डिझेल गाडीचं नवं तेल काहीशे किलोमीटरमध्ये काळं पडतं ते याच कारणाने. तेल आपलं काम करतंय याची ती खूण आहे, ते खराब झालं असं नाही. गाडी महिनाभर उभी असेल तर मात्र पाच मिनिटं इंजिन फिरवून घेणं शहाणपणाचं.

थंडच्या बाजूचा मुद्दा, की रात्रभरात वरचं तेल खाली येतं, तोही खरा आहे. पण हेडमधलं (इंजिनच्या वरच्या भागातलं), टायमिंग चेनवरचं बहुतांश तेल उतरायला रात्र लागत नाही. इंजिन बंद करून वीस-तीस मिनिटं थांबलात तरी बरंचसं खाली येतं. आणि काहीही करा, थोडं जुनं तेल आत राहणारच. समजा ३ लिटरमधलं १०० मिली राहिलं, तर ते जेमतेम ३ टक्के झालं. नव्या तेलाला त्याने काही होत नाही. याच कारणासाठी मी इंजिन फ्लशच्या, म्हणजे आतून इंजिन धुणाऱ्या औषधाच्या, बाटल्यांच्या नादी लागत नाही.

चटका कशाचा बसतो

हायवेवरून आलेल्या गाडीच्या तेलाचं तापमान ९० ते ११० अंश असतं. असं तेल मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं तर ते पाण्यासारखं गळून पडत नाही, त्वचेला चिकटून राहतं आणि भाजत राहतं. भाजलंच तर तेल लगेच पुसा, वाहत्या साध्या पाण्याखाली हात वीस मिनिटं धरा आणि फोड आला किंवा भाजलेली जागा मोठी असेल तर डॉक्टरांकडे जा. बर्फ, टूथपेस्ट, हळद यांतलं काही लावू नका.

तेलाबद्दल सगळे बोलतात, सायलेन्सरच्या पाइपबद्दल कुणी बोलत नाही. बऱ्याच गाड्यांत ड्रेन बोल्टच्या किंवा फिल्टरच्या अगदी शेजारून एक्झॉस्टचा पाइप जातो, जवळच कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा डबा) असतो. त्यांचं तापमान तेलाच्या कितीतरी वर, काहीशे अंश असतं. आपण सगळं लक्ष बोल्टकडे लावून असतो आणि दंडाचा मागचा भाग पाइपला टेकतो. गॅरेजमध्ये गाडी लिफ्टवर असते, माणूस उभा राहून काम करतो, म्हणून त्याला गरम तेल झेपतं. तुम्ही जमिनीवर पाठीवर पडलेले असता, तोंडापासून बोल्ट हातभर अंतरावर असतो आणि मागे सरकायला जागा नसते.

आणखी एक बाब: चेंबर ॲल्युमिनियमचं आणि बोल्ट स्टीलचा असेल तर आटे जपावे लागतात. तापल्यावर ॲल्युमिनियम स्टीलच्या जवळपास दुप्पट प्रमाणात प्रसरण पावतं. गरम चेंबरमध्ये 'अजून थोडं' म्हणत आवळलेला बोल्ट आटे खाऊन टाकतो आणि पाचशे-हजार वाचवायला निघालेल्या माणसाच्या गळ्यात नवं चेंबर पडतं.

तेल कोमट झालं हे कसं ओळखायचं

डॅशबोर्डवरच्या टेंपरेचर काट्यावर जाऊ नका. तो कूलंटचं (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं) तापमान दाखवतो, तेलाचं नाही. काटा मधोमध आला तरी तेल बरंच मागे असतं. जागेवर पाच मिनिटं इंजिन चालू ठेवलं तर हिवाळ्यात तेल फार तर कोमट होतं. आपल्याला तेवढंच हवं असतं.

ऋतूप्रमाणे मी साधारण असं करतो. मार्च ते जूनमध्ये सकाळी सहा-साडेसहाला, रात्रभर उभ्या गाडीचं इंजिन दोन-तीन मिनिटं चालवायचं, बंद करायचं, हत्यारं मांडेपर्यंत पंधरा मिनिटं जातात, मग काम सुरू. दुपारी या कामाला हात घालू नका. उन्हात ठेवलेला पान्हासुद्धा हातात धरवत नाही, शिवाय गरम वाऱ्याबरोबर धूळ येते आणि उघड्या ऑइलच्या तोंडात जाते. पावसाळ्यात पक्क्या पोर्चमध्ये कधीही, पाच मिनिटं इंजिन चालवून. थंडीत मात्र चार-पाच किलोमीटरची फेरी मारून यायची, प्रतापनगरहून अंबाझरीपर्यंत जाऊन आलात तरी पुरे, आणि मग अर्धा तास थांबायचं.

खात्री करायची तर डिपस्टिक (तेलाची लेव्हल मोजायची पट्टी) ओढून तिच्या टोकाजवळ बोटाची मागची बाजू अलगद टेकवा. चटकन बोट मागे घ्यावंसं वाटलं तर अजून थांबा. खाली गेल्यावर चेंबरलाही तसंच करून बघा. पाच-सात सेकंद हात ठेवता आला की पान्हा उचला.

दोन प्रसंगी मात्र तेल यापेक्षा गरम हवं. एक, खालून बोल्ट न काढता डिपस्टिकच्या नळीतून पंपाने तेल ओढणार असाल तर. त्या बारीक नळीतून घट्ट तेल चढता चढत नाही. दुसरं, मागचा मालक ऑइलच्या बाबतीत हयगय करणारा होता आणि आत गाळ धरलेला दिसतोय. तेव्हा तेल चांगलं गरम असताना काढा, पण ते लिफ्टवर, गॅरेजमध्ये.

सामान

मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच तेल घ्या. नव्या पेट्रोल गाड्यांत ०डब्ल्यू-१६ किंवा ०डब्ल्यू-२० इतकी पातळ तेलं येतात, आणि 'नागपुरात एवढं पातळ तेल चालत नाही' असं सांगणारे दुकानदार हमखास भेटतात. पहिला आकडा थंड इंजिन सुरू होतानाचा, दुसरा तापलेल्या इंजिनाचा. बाहेर ३० अंश असो की ४५, तापलेल्या इंजिनातलं तेल शंभरच्या आसपासच असतं. कंपनीने पर्यायी ग्रेड दिली असेल तर ती मॅन्युअलमध्येच लिहिलेली असते. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या बीएस-६ डिझेल गाड्यांना कमी राख सोडणारं खास तेल लागतं. तिथे फक्त ५डब्ल्यू-३० जुळवून भागत नाही, डब्यावर मॅन्युअलमधलं प्रमाणही छापलेलं पाहिजे.

छोट्या पेट्रोल गाडीला फिल्टरसकट ३ ते ३.५ लिटर तेल पुरतं. त्याबरोबर नवा फिल्टर, ड्रेन बोल्टचं नवं वायसर, बोल्टच्या मापाची गोटी किंवा रिंग पान्हा (बहुतेक छोट्या गाड्यांत १४ किंवा १७ नंबर), फिल्टर पान्हा, पाच लिटर मावेल असं पसरट घमेलं, नरसाळं, जुन्या सुती चिंध्या, नायट्राइलचे हातमोजे. वापरलेलं तेल वारंवार त्वचेला लागणं चांगलं नाही, तेव्हा मोज्यांचा कंटाळा करू नका. फरशीवर जुनी खोकी फाडून पसरा, नाहीतर डाग बघून सोसायटीचे सेक्रेटरी पुढच्या मीटिंगचा विषय तुमच्यावरच काढतील.

गाडी उचलणं

यात तडजोड नाही. डिकीतला कात्री जॅक फक्त चाक बदलायला असतो. त्याच्या भरवशावर गाडीखाली शिरायचं नाही, एक मिनिटही नाही. सपाट, पक्की जागा, हँडब्रेक ओढलेला, गाडी पहिल्या गिअरमध्ये, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी उटी. ट्रॉली जॅकने उचलून मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागी दोन्ही बाजूंना घोड्या (गाडीचं वजन पेलणारे लोखंडी स्टँड) लावायच्या, गाडी त्यांच्यावर टेकवायची आणि हाताने हलवून बघायची. विटांचा ढीग म्हणजे घोडी नव्हे. रॅम्प असेल तर उत्तम. उंच एसयूव्हीत काही वेळा उचलायची गरजही पडत नाही.

फक्त पुढची बाजू उचलली की गाडी मागे कलते. ड्रेन बोल्ट चेंबरच्या मागच्या बाजूला असेल तर हा कल कामाचाच. पुढे किंवा मधोमध असेल तर शेवटचा पाव लिटर आतच बसून राहतो. म्हणून धार संपत आली की घमेलं तसंच ठेवून जॅकने गाडी सपाट करून घ्या. तेल गरम होतं की थंड, यापेक्षा या एका गोष्टीने जास्त फरक पडतो.

बोल्ट, धार आणि थांबणं

आधी वरचं ऑइलचं झाकण उघडा आणि डिपस्टिक थोडी वर ओढून ठेवा. हवा वरून आत गेली की धार गचके न खाता पडते. काढलेलं झाकण ड्रायव्हरच्या सीटवर ठेवा, म्हणजे इंजिनात तेल नसताना कुणी चुकून किल्ली फिरवणार नाही. घरात उत्साही पोरं असतील तर किल्लीच खिशात टाका. ज्या इंजिनांत कागदी फिल्टर वरून काढायचा असतो, तिथे त्याचं झाकण आधीच सैल करा, म्हणजे त्यातलं तेलही खाली उतरतं.

खाली बहुतेक गाड्यांना प्लास्टिकचं गार्ड असतं, ते काढा किंवा त्याची खिडकी उघडा. समोर दोन बोल्ट दिसले तर थांबा. एक गिअरबॉक्सचा असू शकतो. इंजिनचं चेंबर कोणतं आणि गिअरबॉक्सचं कोणतं हे मॅन्युअलमधल्या चित्राशी ताडून मगच पान्हा लावा. बोल्टभोवतीची माती पुसून घ्या.

बोल्टच्या डोक्याकडे बघत तो घड्याळाच्या उलट दिशेने फिरवायचा. पहिला झटका पान्ह्याने, मग मोजा घातलेल्या हाताने. हाताने फिरवताना तो सतत आत दाबून ठेवा. आटे सुटल्याचं बोटांना कळतं, पण दाबून धरलेला असल्याने तेल बाहेर येत नाही. मग एकदम बाजूला ओढून हात काढून घ्या. धार सुरुवातीला सरळ खाली पडत नाही. बोल्ट आडवा असेल तर तेल वीतभर पुढे फेकलं जातं, आणि चेंबर रिकामं होत जातं तशी धार मागे मागे सरकत शेवटी चेंबरच्या कडेवरूनच ओघळायला लागते. घमेलं या पूर्ण पट्ट्याखाली येईल असं ठेवा. तेल जितकं गरम, तितकी धार लांब.

धारेची सुतळी, सुतळीचे थेंब, आणि दोन थेंबांमध्ये काही सेकंद जायला लागले की घाई करू नका. इथेच तुम्ही गॅरेजवर मात करता. वीस मिनिटं तसंच राहू द्या, थंडीत अर्धा तास. तोवर चहा घ्या आणि घमेल्यातलं तेल उजेडात बघा. दुधाळ, चहासारखा रंग असेल तर कूलंट मिसळतंय. पेट्रोलचा उग्र वास म्हणजे इंजिन नीट तापायच्या आत बंद होतंय, घर ते सीताबर्डी एवढाच रोजचा प्रवास असलेल्या गाड्यांत हे होतं. उन्हात चांदीच्या वर्खासारखी चमक हलताना दिसली तर मेकॅनिककडे जायची वेळ आली.

बोल्ट परत बसवताना नवं वायसर, आणि पहिले चार-पाच आटे हातानेच. अडकतोय वाटलं तर काढून पुन्हा लावा. शेवटचं आवळणं टॉर्क पान्ह्याने करावं. छोट्या गाड्यांत हा आकडा बहुधा ३० ते ४० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो, नेमका मॅन्युअलमध्ये बघा. टॉर्क पान्हा नसेल तर आखूड पान्हा वापरा. लांब पाइप लावून जोर काढू नका.

फिल्टर

फिल्टर सैल करताना त्यात दोन-तीनशे मिली तेल असतं आणि ते हमखास मनगटाकडे येतं. मोज्याची कड बाहेर दुमडून ठेवा. फिल्टर निघाल्यावर जुनी रबर रिंग इंजिनलाच चिकटून राहिली नाही ना, हे बोट फिरवून बघा. तिच्यावर नवा फिल्टर चढवला तर दोन रिंगांमधून तेल जोरात बाहेर येतं आणि काही मिनिटांत इंजिन कोरडं पडू शकतं. नव्या रिंगवर ताज्या तेलाचं बोट फिरवा, हाताने लावत न्या, रिंग टेकल्यावर पाऊण फेरा. फिल्टरवर वेगळं छापलं असेल तर ते ऐका. लावायला पान्हा वापरायचा नाही.

भरणं, आणि इथेही गरम-थंडचा प्रश्न

३.१ लिटर लागणार असेल तर आधी २.५ लिटर ओता, पाच मिनिटं थांबा, मग थोडं थोडं. झाकण लावून इंजिन अर्धा ते एक मिनिट चालवा. ऑइलचा लाल दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. नाही विझला तर लगेच बंद करा. या वेळात ॲक्सिलरेटर दाबू नका. मग गाडीखाली बघा, बोल्ट आणि फिल्टर कोरडे असले की गाडी जमिनीवर उतरवा आणि दहा मिनिटांनी लेव्हल मोजा.

लेव्हल मोजताना तापमान खरंच महत्त्वाचं ठरतं. ३ लिटर तेल ३० वरून ९० अंशावर गेलं की सव्वाशे मिलीच्या आसपास फुगतं. उलट इंजिन बंद केल्या केल्या बरंच तेल वरच अडकलेलं असतं, त्यामुळे डिपस्टिक कमी दाखवते. लोक मग आणखी ओततात. डिपस्टिकवरच्या दोन खुणांमध्ये पुष्कळ गाड्यांत १ लिटरच्या आसपास तेल बसतं, म्हणून वरच्या खुणेच्या किंचित खाली थांबणं बरं. जास्त झालं तर क्रँक (इंजिनचा फिरणारा मुख्य दांडा) त्यात आपटून फेस करते आणि फेसाळ तेल वंगणाचं काम नीट करत नाही. मॅन्युअल गरम इंजिनावर मोजा म्हणत असेल तर गरमवर, पण पाच-दहा मिनिटं थांबून. दर वेळी एकाच पद्धतीने मोजा.

काळ्या तेलाचं काय करायचं

तेल पूर्ण गार झाल्यावर रिकाम्या डब्यात भरा. गरम तेलाने पातळ प्लास्टिक मऊ पडतं. सेंट्रिंगवाले आणि लाकडाला वाळवी लागू नये म्हणून लावणारे लोक हे 'जळकं ऑइल' आनंदाने मागून नेतात, पण ते पावसात धुऊन जमिनीत जातं, म्हणून मी देत नाही. घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार वापरलेलं तेल नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्यांकडे जायला हवं, आणि १ एप्रिल २०२४ पासून तेल बनवणाऱ्या कंपन्यांवरही त्याची जबाबदारी आली आहे. व्यवहारात सोपा मार्ग असा की ज्या सर्व्हिस सेंटरमध्ये किंवा मोठ्या गॅरेजमध्ये तेलाचे ड्रम भरून उचलले जातात, तिथे विचारून डबा देऊन यायचा. जुना फिल्टरही रात्रभर पालथा निथळवून तिथेच द्या. नालीत ओतलेलं तेल नाग नदीतून कन्हानमध्ये आणि पुढे वैनगंगेत जातं. नव्या तेलाचे रिकामे डबे भंगारात देण्याआधी चाकूने कापा. चांगल्या ब्रँडचा अखंड डबा भेसळवाल्यांना हवाच असतो.

गाडी वॉरंटीत असेल तर हा खटाटोप करण्याआधी त्याच्या अटी वाचा. बिलं आणि डब्याचा फोटो जपून ठेवा. आजचं रीडिंग आणि तारीख बॉनेटच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा. बऱ्याच पेट्रोल गाड्यांना १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यातलं जे आधी येईल ते, अशी मुदत असते. छोटे फेरे, धूळ आणि सिग्नलवरचं थांबणं जास्त असेल तर मॅन्युअलच्या 'कठीण वापर' तक्त्यातली कमी मुदत धरा. दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन लावण्याआधी खाली एक खोका सरकवून थेंब पडलाय का बघा, लेव्हल पुन्हा एकदा मोजा, आणि शे-दोनशे किलोमीटरनंतर बोल्टवरून एकदा कोरडी चिंधी फिरवून घ्या.